पहिल्या मंडळीच्या शोधात

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला, की जुन्नरच्या खोऱ्यात थंडी चांगलीच बोचू लागते. कुकडी आणि मीना या नद्यांच्या काठच्या शेतांवर सकाळी धुके उतरते, द्राक्षांच्या मळ्यांत राबता वाढतो, आणि शिवनेरीच्या सावलीत वसलेल्या या जुन्या गावातील थोड्या ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी तारे झळकू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने येथे आपले ठाणे केले. पूर्वेस शिरूरला अमेरिकन मराठी मिशनची माणसे येऊन राहिली. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगाव या डोंगरी मुलखाला नाताळ परका उरलेला नाही. आज शेजारीपाजारी फराळाची देवघेव होते, दिवाळीची करंजी नाताळातही तळली जाते, आणि मुलांना तर सण कोणाचा याच्याशी काही कर्तव्यच नसते.

परंतु याच आनंदात एक जुना प्रश्न दडलेला आहे. ख्रिस्तजन्माची कथा मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत सांगितली आहे. मात्र तो जन्म कोणत्या दिवशी झाला, हे त्यांत कोठेही सांगितलेले नाही. २५ डिसेंबर हा जन्मदिन म्हणून पाळला जात असल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद रोममधील असून ती इ. स. ३३६ ची आहे. म्हणजे पहिल्या पिढ्यांतील शिष्यांनी नाताळ साजरा केल्याचा पुरावा नाही. मग जे मुळात नव्हते, ते आपण का करावे? ज्यांनी हा प्रश्न केवळ विचारला नाही, तर त्याच्या उत्तरासाठी घरदार, पद आणि स्नेहसंबंध पणाला लावले, अशा काही ख्रिस्ती लोकांची कथा आज सणाच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती सुरू होते अमेरिकेच्या रानात. पण तिचे धागे आमच्या पुणे जिल्ह्यात किती दूरवर आले आहेत, हे पाहून आम्हांलाही नवल वाटले.

मुळाची ओढ

मराठी ख्रिस्ती जन 'चर्च' या शब्दासाठी 'मंडळी' असा सुंदर शब्द योजतात. पहिली मंडळी यरुशलेमेत जमली. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तिचे वर्णन आले आहे. त्या लोकांनी आपले धन एकत्र केले होते, ते घरोघरी भाकर मोडीत, प्रार्थना करीत, आणि कोणाला काही उणे पडू देत नसत. त्यांच्यात पोप नव्हता, बिशपांची उतरंड नव्हती, संगमरवरी देवळे नव्हती. पुढे अठरा शतकांत कितीतरी गोष्टींची भर पडली. ती भर म्हणजे झाडाची नैसर्गिक वाढ, की त्यावर चढलेली बांडगुळे? या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोपात मोठी धर्मसुधारणा झाली. पण सुधारणावाद्यांचेही लवकरच पंथ झाले, आणि पंथांचे उपपंथ. प्रत्येकाचा आपापला विश्वासांगीकार, आपापले नियम आणि आपापली कुंपणे.

या कुंपणांना कंटाळलेल्या लोकांनी एक वेगळाच विचार मांडला. असलेल्या मंडळीची डागडुजी करीत बसण्यापेक्षा मूळची मंडळी जशीच्या तशी पुन्हा उभी करावी, असा तो विचार होता. इतिहासकार या प्रवाहाला पुनःस्थापनावादी असे नाव देतात. त्याला भरघोस पीक आले ते अमेरिकेत; कारण तेथे राजा नव्हता, राजधर्म नव्हता, आणि नव्या भूमीत सर्व काही नव्याने आरंभिता येते, असा सर्वसामान्य माणसाचाही विश्वास होता.

ज्या संस्थेने स्वतःचे मृत्युपत्र लिहिले

ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकी प्रांतातील केन रिज या ठिकाणी हजारो माणसे गाड्या-घोडे घेऊन उघड्यावर जमली आणि अनेक दिवस प्रार्थना व प्रवचने चालली. त्या मेळाव्याचा यजमान होता बार्टन स्टोन नावाचा प्रेस्बिटेरियन पाळक. तेथे निरनिराळ्या पंथांचे उपदेशक एकाच रानात, एकाच वेळी बोलले. पंथाची भिंत नसली तरी देव भेटतो, असा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना पुन्हा भिंतीआड जाणे कठीण झाले. स्टोन आणि त्याचे काही सहकारी आपल्या धर्मसभेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटरी नावाची स्वतंत्र सभा स्थापन केली. पण वर्षभरातच त्यांना उमगले, की आपणही एक नवा पंथच काढला आहे! तेव्हा २८ जून १८०४ रोजी त्यांनी त्या सभेचे चक्क मृत्युपत्र लिहिले. ही सभा मरावी आणि ख्रिस्ताच्या समग्र मंडळीत विरून जावी, असा त्याचा आशय होता. यापुढे नाव घ्यावयाचे ते केवळ 'ख्रिस्ती' एवढेच.

जवळजवळ त्याच सुमारास आयर्लंडहून टॉमस कॅम्पबेल हा पाळक १८०७ साली अमेरिकेत आला. आपल्या उपपंथाबाहेरच्या लोकांनाही त्याने प्रभुभोजनास बोलाविले, म्हणून वरिष्ठांनी त्याला जाब विचारला. तो बाहेर पडला आणि १८०९ साली त्याने एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. पवित्र शास्त्र जेथे बोलते तेथे आपण बोलावे, आणि ते जेथे मौन धरते तेथे आपणही मौन धरावे, हे त्याचे सूत्र पुढे या चळवळीचे जणू बीजवाक्य ठरले.

त्याचा पुत्र अलेक्झांडर तेव्हा स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे शिकत होता. तेथे प्रभुभोजनापूर्वी उपासकांची परीक्षा होई आणि जो पात्र ठरे त्याला धातूचा एक बिल्ला मिळे. तो दाखविल्यावाचून भोजनास बसता येत नसे. अलेक्झांडरला बिल्ला मिळाला. पण भोजनाची वेळ येताच त्याने तो ताटात टाकला आणि भाकर न घेताच तो निघून गेला. प्रभूच्या पंगतीला माणसांनी पहारा बसवावा, हे त्याच्या मनाला पटले नाही. पंगतीचा प्रश्न ज्यांच्या समाजात पिढ्यान्पिढ्या धगधगत राहिला, त्या आम्हां मराठी वाचकांना त्या तरुणाच्या मनाची तगमग वेगळी समजावून सांगावी लागू नये.

पितापुत्रांनी १८११ साली पेन्सिल्व्हेनियात ब्रश रन येथे छोटी मंडळी स्थापिली. शास्त्रात बालकांच्या बाप्तिस्म्याची आज्ञा दिसत नाही, म्हणून त्यांनी प्रौढपणी पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला. पहिले शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडीत, म्हणून त्यांच्यात प्रभुभोजन दर रविवारी होऊ लागले. मानवी विश्वासांगीकाराला त्यांनी रजा दिली. १८३२ च्या आरंभी लेक्सिंग्टन येथे स्टोनचे 'ख्रिस्ती' आणि कॅम्पबेलचे 'शिष्य' यांनी हातात हात दिला. पुढे या प्रवाहाने परदेशी पहिला धर्मदूत पाठविला तो कोठे, तर यरुशलेमेला! जेथून मंडळीचा उगम झाला तेथेच कार्याचा आरंभ करावा, ही त्यांची निष्ठा किती शब्दशः होती, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

पेटीवरून पडलेली फूट

एवढ्या उदात्त हेतूने निघालेली दिंडी अखंड राहावयास हवी होती. पण तसे घडले नाही. शास्त्राच्या मौनाचा अर्थ काय, यावरच तंटा जुंपला. केंटकीतील मिडवे येथील मंडळीत १८६० च्या सुमारास भजनाला साथ म्हणून पेटीसारखे एक वाद्य आणले गेले. गाणारे बेसूर होत, हे त्याचे साधे कारण. परंतु नव्या करारात मंडळीने वाद्ये वाजविल्याचा उल्लेख नाही. मग जे सांगितलेले नाही ते निषिद्ध समजावे, की ज्याला मनाई केलेली नाही ते मोकळे समजावे? धर्मप्रचारासाठी संस्था काढण्यासही काहींनी याच न्यायाने विरोध केला. त्यात यादवी युद्धाने उत्तर आणि दक्षिण यांच्यात पाडलेली दरी होतीच. १९०६ च्या धार्मिक गणनेत अमेरिकी सरकारने 'डिसायपल्स ऑफ क्राइस्ट' आणि 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या दोन संघटनांची वेगवेगळी नोंद केली, आणि फूट कागदावर आली. विसाव्या शतकात तिसरी शाखाही निराळी झाली. सर्व पंथ मिटविण्यासाठी निघालेल्यांच्या नावे अखेरीस तीन पंथ जमा झाले!

नाताळची गोष्टही अशीच. चर्चेस ऑफ क्राइस्टच्या अनेक मंडळ्यांनी पिढ्यान्पिढ्या २५ डिसेंबरला धार्मिक सण मानले नाही. शास्त्रात तिथी नाही, तर आपण ती का ठरवावी, असे ते म्हणत. ही कल्पना अमेरिकेला नवी नव्हती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ साली रद्द झाला. आणि गंमत अशी, की मुंबई-अहमदनगरकडे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसे न्यू इंग्लंडमधील याच प्युरिटन परंपरेची वारस होती. आपल्या दारावरचा तारा किती वळणे घेऊन आला आहे, हे यावरून वाचकांच्या ध्यानी यावे.

तुटलेला धागा

कॅम्पबेल म्हणे, मूळ मंडळीचा नकाशा ग्रंथात आहे; तो वाचा आणि त्याप्रमाणे बांधा. पण त्याच काळात न्यूयॉर्क प्रांतातील जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या तरुण मुलाने निराळे उत्तर दिले. प्रेषितांनंतर अधिकाराचा धागाच तुटला आहे. नुसते वाचून तो जोडला जाणार नाही, त्यासाठी स्वर्गाने पुन्हा बोलावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याला दर्शने झाली, असे त्याने सांगितले. 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ६ एप्रिल १८३० रोजी मंडळी स्थापिली. कॅम्पबेलच्या गोटातील सिडनी रिग्डन हा नामांकित वक्ता त्याला जाऊन मिळाला. १८४४ मध्ये इलिनॉय प्रांतात जमावाने स्मिथला तुरुंगात गोळ्या घालून ठार केले. १८४७ साली त्याचे अनुयायी ब्रिगम यंगच्या मागे उजाड मुलूख तुडवीत युटाच्या खोऱ्यात जाऊन वसले.

तिसरे उत्तर शनिवारचे. ख्रिस्त २२ ऑक्टोबर १८४४ रोजी परत येईल, या विल्यम मिलरच्या अनुयायांच्या अपेक्षेचा भंग झाला. त्या निराशेतून जी माणसे सावरली, त्यांतील काहींनी शास्त्र पुन्हा चाळले आणि विसाव्याचा दिवस शनिवार हाच मूळचा, असा निर्णय केला. जोसेफ बेट्स आणि जेम्स व्हाइट हे त्यांचे दोन अग्रणी पूर्वी 'ख्रिस्ती' एवढेच नाव घेणाऱ्या पुनःस्थापनावादी मंडळीतून आलेले होते. १८६३ मध्ये त्यांची सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली.

असे तीन मार्ग झाले. कोणी ग्रंथातून मुळाकडे गेला, कोणी साक्षात्कारातून, कोणी विसाव्याच्या दिवसातून. तिघेही प्रामाणिक होते आणि तिघांनाही मूळ निरनिराळे दिसले.

पुण्याच्या छावणीत, बारामतीच्या माळावर

आता आपण घराकडे वळू. युटातील मंडळीचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला आणि तेथून पुण्यास आला. पेशवाई बुडून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. अशा त्या पुण्यात, छावणीच्या आसऱ्याने, फिंडलेने एक छोटी मंडळी जमविली. लष्करी अधिकारी आणि प्रस्थापित चर्चचे धर्मगुरू यांचा त्याला विरोध झाला. त्याने मराठ्यांना उद्देशून लिहिलेली, सत्य देव व त्याचा धर्म यांविषयीची एक पुस्तिका १८५५ साली मुंबईत छापली गेली. अमेरिकेत मंडळीची स्थापना होऊन पंचवीसच वर्षे झाली होती, आणि तिचा निरोप आमच्या लोकांच्या नावाने छापला जात होता! पण हे रोप येथे धरले नाही. युटाला येऊन एकत्र राहावे, अशी त्यांची शिकवण असल्याने ज्याने विश्वास ठेवावा त्याने देश सोडावा, असा प्रकार होता. १८५६ पर्यंत बहुतेक प्रचारक परत गेले आणि पुण्याने त्यांना विसरूनही टाकले.

स्टोन-कॅम्पबेल प्रवाहाचे लोक आले ते तीस वर्षांनी. १८८२ मध्ये अमेरिकेतील डिसायपल्स मंडळीची पहिली तुकडी भारतात दाखल झाली. तीत चार अविवाहित स्त्रिया होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षणीय होय. मध्य प्रांतातील हरदा येथे त्यांचे ठाणे पडले. पुढे बिलासपूर, मुंगेली, दमोह येथे शाळा, दवाखाने, अनाथाश्रम निघाले. १८९१ साली ऑस्ट्रेलियातील त्याच प्रवाहाच्या मंडळीने मेरी टॉमसन या बाईंना हरद्यास धाडले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियन चर्चेस ऑफ क्राइस्टने थेट आमच्या जिल्ह्यात, बारामतीस, काम आरंभिले. बारामती, दौंड, श्रीगोंदे या दुष्काळी पट्ट्यात त्यांनी शाळा आणि औषधोपचार यांचा प्रपंच मांडला. केंटकीच्या रानात निघालेली वाट भीमा-नीरेच्या काठी येऊन पोहोचली ती अशी. शनिवारवाल्या ॲडव्हेंटिस्टांनी तर पुण्यासच आपलेसे केले. सॅलिसबरी पार्कातील त्यांचा छापखाना आणि १९४२ साली बंगलोरहून पुण्यास आलेले स्पायसर महाविद्यालय पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

आमच्यातला प्रश्न

हे सारे वाचून, साता समुद्रांपलीकडच्या भांडणांशी आमचे काय नाते, असे कोणी म्हणेल. परंतु मुळाची ओढ ही काही अमेरिकेची मिरास नव्हे. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. वेदांचा खरा अर्थ आपल्यालाच उमगला आहे, असे सांगण्याचे धैर्य त्या शिष्याने दाखविले, तेव्हा तोही मधल्या पिढ्यांचे ओझे बाजूला सारून मुळाशीच बोलत होता. आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. वेद कोणी म्हणावेत, याचे उत्तर त्या कथेने मूक जनावराच्या मुखातून दिले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला; निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही त्याची शिकवण ओतूरच्या परिसरात रुजली आणि तेथील कुणब्यांनी पुरोहितावाचून लग्ने लावली. आपली 'गुलामगिरी' जोतीरावांनी त्याच वर्षी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, हा योगायोग नव्हे. दास्य मोडणाऱ्यांशी त्यांनी जोडलेले ते नाते होते.

आणि ख्रिस्ती मराठी माणसांत तर हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी जितक्या तेजाने विचारला, तितका क्वचितच कोणी विचारला असेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ज्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या, त्यांनी पुढे केलेली सारी मते डोळे मिटून स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. अथानासियसच्या नावाचा विश्वासांगीकार त्यांच्या गळी उतरेना. शास्त्रात जे स्पष्ट नाही ते मनुष्यांनी माझ्यावर का लादावे, असा त्यांचा पत्रव्यवहारातील रोख होता. एका पुरोहितशाहीतून सुटलेल्या बाईला दुसरी नको होती! १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. त्या देशाविषयी १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी पुस्तकात त्यांनी तेथील धर्मपंथांनाही जागा दिली आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी जे केले ते आम्हांला या साऱ्या इतिहासाचा कळस वाटते. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून केले, आणि तेही शाळा न पाहिलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते काम चालू होते. आश्रमातल्या ज्या स्त्रियांना दुष्काळाने आणि रूढीने रस्त्यावर टाकले होते, त्यांनीच खिळे जुळविले, छपाई केली. कॅम्पबेलने मूळ शोधले ते मंडळीच्या रचनेत. रमाबाईंनी ते शोधले शब्दांत, आणि सापडताच सर्वांत शेवटच्या पंगतीत बसणाऱ्यांच्या हाती दिले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उत्तर आणखी निराळे. अमेरिकन मराठी मिशनमध्ये बावीस वर्षे काढल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. पहिल्या शिष्यांजवळ तरी मिशनचा बंगला आणि पगारपत्रक कोठे होते? मुळाकडे जावयाचे तर ते विलायतेच्या वाटेने कशासाठी, अभंगाच्या आणि टाळमृदंगाच्या वाटेने का नको, असा त्यांचा भाव होता. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. परंतु मिडवेच्या मंडळीला जी पेटी पचली नाही, तिचा प्रश्न टिळकांनी आमच्यापुरता सोडविला; कीर्तनात आणि भजनात रमणारी मराठी मंडळी आज वाद्याच्या साथीने गाते, आणि ते शास्त्रविरुद्ध असल्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी

स्प्रिंगफील्डच्या त्या मृत्युपत्राचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याची एक अंमलबजावणी झाली ती आपल्या नागपुरास. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. तीत सहा परंपरा एकत्र आल्या: अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन यांची आधीच एक झालेली मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रेद्रेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन शाखेचे मेथडिस्ट, आणि हरदा-बिलासपूरकडील डिसायपल्स ऑफ क्राइस्ट. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे, बिशप मानणारे आणि न मानणारे, असे सर्व एका छताखाली आले. त्यासाठी प्रत्येकाला आपले काही ना काही सोडावे लागले. डिसायपल्सनी आपले स्वतंत्र नाव सोडले. म्हणजे एकशे सहासष्ट वर्षांपूर्वी केंटकीत लिहिलेला कागद त्यांनी नागपुरास खरा करून दाखविला.

यातून सर्व भांडणे मिटली, असे आम्ही म्हणत नाही. त्या प्रवाहातील अनेक मंडळ्या बाहेरच राहिल्या; संयुक्त मंडळीतही मालमत्तेचे आणि अधिकाराचे वाद झालेच. पण जुन्नरची अँग्लिकन परंपरा आणि शिरूर-अहमदनगरची अमेरिकन परंपरा या एकेकाळच्या दोन वाटा आज एका नावाखाली चालतात, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही नाताळच्या भोजनास आलेल्या पाहुण्याला, तुम्ही कोणत्या मंडळीचे, हा प्रश्न अजून विचारला जातो. सोयरीक जुळविताना तर तो हमखास येतो. शहरांतून येणारी नवी नवी प्रार्थनागृहेही, आपणच पहिल्या मंडळीसारखे आहोत, असे सांगतात. एका घरातले दोन भाऊ नाताळच्या सकाळी दोन उपासनांना जातात. क्वचित एक जातो आणि दुसरा, शास्त्रात नाही म्हणून, घरी बसतो. हा आमच्या डोळ्यांदेखतचा वर्तमान आहे, आणि म्हणूनच हा इतिहास आम्ही केवळ नवलाई म्हणून सांगितलेला नाही.

पाण्याखालचे गाव

आंबेगाव तालुक्यात फिरताना अनोळखी माणूस हटकून विचारतो, की आंबेगाव कोठे आहे? कारण तालुक्याचे ठाणे घोडेगावी, बाजारपेठ मंचरला. जाणकार मग डिंभे धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाकडे बोट दाखवितात. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगाव घोड नदीच्या अडविलेल्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. मूळचे लोक त्या पाहून येतात, आणि पुन्हा आपल्या नव्या घरी परततात. तेथे कोणी राहावयास जात नाही. जाताही येत नाही. पण त्या गावाचे पाणी आज खालच्या शेतांना मिळते.

पहिल्या मंडळीचेही काहीसे असेच आहे, असे आम्हांला वाटते. काळाचे पाणी ओसरते तेव्हा तिच्या खुणा दिसतात, आणि त्या पाहून आल्यावर माणसाला आपल्या घरातील अडगळ नव्याने कळते. ते पाहणे आवश्यक आहे. तसे पाहणारे झाले नसते, तर अलेक्झांडरचा बिल्ला ताटात पडला नसता आणि रमाबाईंच्या बायकांनी शास्त्राचे खिळे जुळविले नसते. परंतु त्या गावात आपणच काय ते राहतो, असे जेव्हा कोणी म्हणू लागला, तेव्हा तेव्हा पेटीवरूनही भाऊ भावाला परका झाला. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात आज गिरिजात्मज विराजमान आहे. जुन्नरच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत यवनही होते, हे शिलालेख सांगतात. मुळावर पिढ्यांचे थर चढतात, हे आमच्या डोंगरांनी आम्हांला केव्हाच शिकविले आहे.

यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीविषयी शास्त्राने बिल्ला कोणता, वाद्य कोणते, हे सांगितले नाही. पण कोणाला काही उणे पडू दिले जात नसे, हे मात्र आवर्जून सांगितले. नाताळची तिथी त्या लोकांना ठाऊक नव्हती. पंगतीला कोणाला बसवावयाचे, हे त्यांना ठाऊक होते. यंदाच्या सणाला ज्या घरी तारा लागेल त्या घरी, आणि ज्या घरी शास्त्राच्या आदराने तो लागणार नाही त्याही घरी, शेजारच्या उपाश्याचे पान मांडले जावो, एवढीच आमची इच्छा. सर्व वाचकांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!